पासिंग झालेला चेहरा

रणधीर इंगवले यांचा चेहरा परिवहन कार्यालयाने त्यांच्या जीपची पुढची काच म्हणून रीतसर नोंदवून घेतला, आणि तो त्यांच्याच संमतीने. त्यांची बायको हेमलता तेव्हा शेजारच्या सीटवर बसलेली होती, त्यामुळे काय घडलं ते तिला नीट ठाऊक होतं.

जीप त्यांनी हौसेने घेतली होती. डोंगर, ओढा, चिखल, कुठेही जाणारी गाडी. पण ती जायची गडहिंग्लजच्या बाजारपेठेतून, कारण डोंगरात बघायला कोणी नसतं. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडायची सोय त्या गाडीत होती. काच पाडून गाडी हाकणारा माणूस वाघासारखा दिसतो असं रणधीररावांचं मत होतं. हेमलताच्या डोळ्यांत धूळ जायची, दाताखाली कचकच यायची. काच उभी करा म्हणून ती सांगून थकली. वारा अंगावर घ्यायला शीक, एवढंच ते म्हणायचे.

आंबोली घाटात भज्यांच्या टपऱ्यांपाशी मोटार वाहन निरीक्षक तोडकरांनी जीप अडवली आणि काच खाली का, असं विचारलं. भजी खाणारी मंडळी बघत होती. रणधीररावांनी छाती पुढे काढली.

"काच कशाला पाहिजे? मी बसलोय की समोर."

तोडकर हसले नाहीत. त्यांनी या म्हणण्यावर विचार केला. मग सांगितलं, की नियमाला काचेचा लळा नाही. वारा, खडी, किडे यांना अडवणारं काहीतरी गाडीच्या तोंडाशी उभं असावं, एवढंच नियमाला हवं. इथे ते काम तुमचा चेहरा करतोय. पुरावा म्हणून त्यांनी रणधीररावांच्या गालावर चिकटून मेलेली गांधीलमाशी पेनाच्या टोकाने दाखवली. तेव्हा एकतर काच उभी करून निघा, नाहीतर चेहऱ्याची नोंद करून घ्या.

काच उभी करायला बोल्ट पिळले की झालं असतं. पण इतक्या लोकांसमोर बोल्ट पिळत बसणारा माणूस वाघासारखा दिसत नाही. रणधीररावांनी नोंद करायला सांगितली.

पासिंगच्या वेळी तोडकरांनी आधी गॉगल काढून घेतला, कारण पुढच्या काचेला काळी फिल्म चालत नाही. टोलचा स्टिकर कपाळाच्या मधोमध लागला. भुवईच्या वर एक छोटा वायपर बसला. कपाळावरच्या आठीला मात्र त्यांनी तडा म्हटलं आणि पासिंग अडवून धरलं. यापुढे आठी पडणार नाही असं रणधीररावांनी कबूल केलं, तेव्हा काम झालं. त्यानंतर आमटी खारट झाली, हेमलता माहेरी जाऊन आली, तिने बोलून घेतलं, तरी त्यांना कपाळाला आठी घालता येईना. तिच्या संसारातले ते बरे दिवस होते.

अडचण आली ती तिच्या भाचीच्या साखरपुड्यात. हेमलताचे वडील काठी टेकत जीपपाशी आले. जावई वाकून नमस्कार करेल म्हणून थांबले. पण इंजिन चालू असताना पुढची काच झुकता कामा नये, असा नियम होता. इंजिन बंद केलं असतं तर भागलं असतं. मात्र इंजिनाच्या आवाजाची मंडपात वाहवा चालली होती. म्हातारे तसेच परत फिरले.

पुढे एकदा ते दोघे चंदगडच्या रस्त्याने जात असताना समोरच्या डंपरमधून खडा उडाला आणि रणधीररावांच्या चेहऱ्यावर बसला. टक् असा आवाज झाला. डाव्या भुवईपासून हनुवटीपर्यंत तडा गेला. रक्त आलं नाही. हेमलताने त्यांना तसंच दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी नोंद वाचली आणि हे आपल्याकडचं काम नाही, गॅरेजला न्या, असं शांतपणे सांगितलं.

गॅरेजमध्ये विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. त्यांनी रणधीररावांच्या गालावर नखाने टिचकी मारून पाहिली. तडा अजून पसरेल, जोड टिकणार नाही, असं म्हणाले. मार्ग दोनच होते. बॉनेटवर पडलेली मूळ काच उभी केली तर चेहऱ्याची नोंद रद्द होईल आणि तो जसा आहे तसा घरी नेता येईल. तडा घरगुती समजला जाईल. नाहीतर कंपनी नवा चेहरा देईल.

हेमलताने नवऱ्याचा हात धरला. "अहो, आपली काच शाबूत आहे. ती उभी करू. मला हा तडकलेला चालेल."

असं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली होती. रणधीररावांनाही क्षणभर कसंसं झालं. पण गॅरेजच्या दारात आपापल्या जीपा घेऊन आलेले चारसहा जण उभे होते. सगळ्यांच्या काचा खाली होत्या.

"बदलून टाका," रणधीरराव म्हणाले.

नवा चेहरा खोक्यातून आला. सगळ्या मॉडेलना तोच बसतो, असं मिस्त्रीने सांगितलं. रणधीररावांनी मिशीची चौकशी केली, तर या मॉडेलला मिशी येत नाही, वेगळी मागवावी लागते, असं कळलं. डिंक वाळेपर्यंत हसू नका, अशी सूचना मिळाली. नव्या चेहऱ्याने मान डोलावली आणि तो स्टिअरिंगमागे जाऊन बसला.

मिस्त्रीने जुना चेहरा वर्तमानपत्रात गुंडाळून आणला.

"वहिनी, जुना पीस घरी नेणार, का जमा करू?"

हेमलताने कागद उलगडून पाहिलं. चेहरा तिच्याकडे बघत नव्हता. दारात उभ्या असलेल्या लोकांकडे बघत होता.

"जमा करा," ती म्हणाली.

मिस्त्रीने तो मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेला आणि बाकीच्यांवर रचून ठेवला. शेड जवळजवळ भरत आली होती. बहुतेकांना मिशा होत्या.