खुर्ची वाढली, पाय तेवढेच

कोर्टात नवा न्यायाधीश नेमला की शुभदाताई नवे बूट घेतात.

बाकीचे वकील अभिनंदनाचा मेल पाठवतात. या जेवणाची सुट्टी बुडवून बुटांचं दुकान गाठतात. दर वेळी तेच काळे, सपाट टाचेचे. घेण्याआधी दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत पळून बघतात. वय बावन्न, अंगात काळा कोट. सेल्समन दचकला की म्हणतात, "घाबरू नका. चोर नाही, चोराची वकील आहे."

ज्यांना वकील परवडत नाही, त्यांचे फौजदारी खटले आमची छोटी कचेरी लढवते. शुभदाताई धरून वकील चार. एक बाळंतपणाच्या रजेवर, म्हणजे तीन. मी वकील नाही. मी तारखा लावते, अशिलांना फोन करते आणि पत्रकं लिहिते. पत्रकं लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. अन्याय दिसला की हात आपोआप कीबोर्डवर जातो, त्याला मी काय करू?

मागे दोन न्यायाधीश निवृत्त झाले, खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि आमचे खटले तुंबले. मी पेटले! 'खुर्च्या भरा, माणसं ताटकळताहेत!' असं खणखणीत पत्रक काढलं. ओळखीच्या झाडून सगळ्यांना पाठवलं. सेम्बावांग वस्तीतल्या एका मराठी घरच्या हळदीकुंकवातही वाटलं. एका काकूंनी त्यातच तिळगूळ बांधून नेला. हरकत नाही, घरात तरी गेलं!

आणि खुर्च्या भरल्या! एक नाही, दोन्ही! माझ्या पत्रकामुळे भरल्या असं मी कुठेही म्हणत नाही. घरी म्हणते. पेढ्यांचा बॉक्स घेऊन मी ताईंच्या टेबलावर आदळले.

"ताई, जिंकलो!"

ताईंनी पेढा तोंडात टाकला. "छान आहे. आता पाय आण."

"कसले पाय?"

"खुर्ची वाढली, पाय तेवढेच. काल दोन कोर्टांत धावत होते, आता चार. गार्गे, ओट्यावर दोन शेगड्या वाढवल्यास, पण फोडणी घालणारी एकच ना?"

"पण न्याय लवकर मिळेल की!"

"न्याय वेळेवर येईल गं. वकील उशिरा पोचेल." आणि त्या बूट आणायला गेल्या.

मी भयंकर चिडले. मुख्य म्हणजे स्वतःवर. एवढी साधी गोष्ट पत्रकात कशी आली नाही?

ताईंची बाकीची तऱ्हाही सांगते. लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही. "ती सरकारपक्षाला सामील आहे," म्हणतात आणि जिन्यानं पळतात. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊच्या टपऱ्यांच्या मंडईत, कोपी (इथली कॉफी) उभ्यानं पितात, "बसले की संपलं." कचेरीतल्या त्यांच्या कपाटात जुन्या बुटांचे खोके छतापर्यंत रचलेत. एकदा साफसफाईत मी एक उचलला, तर अशा ओरडल्या की शेजारच्या डेंटिस्टचा पेशंट बाहेर आला.

त्या कपाटावर डोळा असलेला आणखी एकच माणूस होता: लिम अंकल. पंचाहत्तरीचे, मी राहते त्या आंग मो किओ वस्तीतल्या इमारतींच्या ब्लॉकांतून पुठ्ठा गोळा करून विकणारे. ब्लॉकखाली पडून असलेली गंजकी सायकल एका शेजाऱ्यानं "टाकलेली आहे, न्या" म्हटलं म्हणून त्यांनी नेली. सायकलला मालक निघाला, अंकलवर चोरीचा खटला! आमच्याकडे आले की आधी कपाटाकडे बघायचे.

"मिस, खोके टाकणार? मी नेतो."

"ते नाही," ताई म्हणायच्या. एवढंच. कोपी मात्र स्वतः आणून द्यायच्या.

नव्या न्यायाधीशांनी तुंबलेले खटले धडाधड लावले, आणि एका मंगळवारी ताईंचे दोन खटले साडेनऊलाच आले. दुसऱ्या मजल्यावर एका बाईचा जामीन, सहाव्यावर लिम अंकल. बाकीचे दोघे वकीलही दुसऱ्या कोर्टांत अडकलेले. ताई मला म्हणाल्या, "अंकलना धरून ठेव. मी येईपर्यंत काही बोलायचं नाही."

अंकल कंटाळले होते. "किती वेळा यायचं? पाय दुखतात. गिल्टी म्हणतो, फिनिश लाह!"

"अंकल, तुम्ही चोरी केली नाही!"

"आय नो. पण घरी जायचंय."

नाव पुकारलं. अंकल पुढे गेले, मी मागच्या बाकावर. एका पत्रकात सात उद्गारचिन्हं घालणारी मी, तिथे मला तोंड उघडायचा अधिकार नाही! वकील येताहेत, एवढं मी क्लार्कला आधीच सांगून ठेवलं होतं. नव्या न्यायाधीशबाईंनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं थांबू." थांबल्या. मग दुभाष्यामार्फत अंकलना विचारलं, वकिलांसाठी आणखी थांबायचंय का? अंकलनी मान हलवली: नाही. तोंड उघडलं...

दार धाडकन उघडलं. ताई! पदर खोचावा तसा कोट कमरेला खोचलेला, घामानं डबडबलेल्या. वाकून नमस्कार केला, श्वास घेतला, आणि म्हणाल्या, "माझे अशील गुन्हा नाकबूल करतात."

मी टाळी वाजवली. पोलिसानं माझ्याकडे बघितलं. वाजवली तर वाजवली!

पुढे त्या शेजाऱ्याचा जबाब झाला आणि आरोप मागे घेतला गेला. आभार मानायला अंकल कचेरीत आले तेव्हा ताईंनी कपाटातले वरचे काही खोके उतरवून उघडले. सगळ्यात वरच्या खोक्याचं झाकण मी पहिल्यांदाच आतून पाहिलं. त्यावर पेनानं एक नाव लिहिलेलं होतं. त्याखालच्या खोक्यावर दोन. एकावर पाच.

"कोण हे?" मी विचारलं.

"मी पोचायच्या आत गुन्हा कबूल म्हणून मोकळे झालेले," ताई म्हणाल्या. "ज्या बुटांनी मी वेळेवर पोचले नाही, त्यांची नावं त्याच बुटांच्या खोक्यात." त्यांनी झाकणं हळूच लावली, आणि टेबलाखालून नव्या बुटांचा खोका काढून झाकण आतून दोनदा तपासलं. कोरं होतं.

"अंकल, हा न्या."

अंकलनी तो हातात तोलला. "एवढाच? व्हेरी स्मॉल लाह!"

"हो," ताई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसल्या. "कोरा एवढाच आहे."