कुठलाही वार चालेल

"तीन वार तर निवडायचे आहेत," रविकांत म्हणाला, "त्यात एवढं काय?"

हे वाक्य त्याने हॉलंडातल्या नीउ-व्हेनेपच्या आपल्या घरात, सोफ्यावर मांडी घालून, २००६ सालच्या सप्टेंबरातल्या एका रविवारी उच्चारलं. आणि उच्चारायचा त्याला अधिकारही होता. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो तीन देशांतल्या ऐंशी माणसांच्या कामाचं प्लॅनिंग करायचा. कोण रजेवर, कोणाच्या मेव्हण्याचं लग्न, कोण कुठल्या दिवशी कुठल्या प्रोजेक्टवर, सगळं त्याच्या एक्सेलमध्ये रंग भरून तयार. त्या मानाने घरात माणसं तीन. त्यातलं एक दहा महिन्यांचं.

दहा महिन्यांची ती ईशानी. आणि तिसरी चित्रा, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं.

चित्रा लग्न करून इकडे आली ती डिपेंडंट व्हिसावर. पहिली दोन वर्षं तिने घरातल्या डब्यांना लेबलं लावली, मग ती काढून दुसरी लावली. त्यानंतर होफडॉर्पच्या एका कंपनीत तिला टेस्टिंगची नोकरी मिळाली, ती हातात येते न येते तोच ईशानी आली. बाळंतपणाची रजा संपली, वर बिनपगारी रजाही संपत आली. आता कंपनीचं पत्र आलं होतं: ऑक्टोबरपासून आठवड्यातले तीन दिवस या, पण कुठले तीन ते या शुक्रवारपर्यंत पक्कं करा. नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल.

"मी सरळ सांगून टाकते," चित्रा म्हणाली. "ऑफिसला तेच, पाळणाघराला तेच. सोमवार, मंगळवार, गुरुवार."

रविकांतने कानावर हात ठेवले.

"अगं, पहिल्याच भेटीत असं मागतात का? बरं दिसतं का ते? आपण म्हणायचं, तुमच्या सोयीने द्या, आम्हाला कुठलाही वार चालेल. मग तेच आग्रह करून विचारतात की नाही बघ."

यात रविकांतचा दोष नव्हता, मिरजेचा होता. त्याच्या घरी तिसऱ्या 'नको'शिवाय कोणाच्या पानात जिलबी पडली नव्हती. पहिला नको म्हणजे नमस्कार, दुसरा नको म्हणजे 'अजून शिल्लक आहे का', आणि तिसरा नको म्हणजे 'वाढा आता'. चित्रा पडली पुण्याची. तिच्या माहेरी एकदाच विचारतात, आणि तेही उभ्या उभ्या. त्या बाबतीत पुण्याहून हॉलंडला येताना तिला फारसं काही बदलावं लागलं नव्हतं.

पण नोकरी हातची जाईल ही धास्ती मनात होती, आणि धास्तावलेला माणूस भलत्याचं ऐकतो. तिने नाक मुरडत रविकांतच्या सांगण्यावरून ऑफिसला ई-मेल पाठवली. 'आपल्याला सोयीचे असतील ते कुठलेही तीन दिवस मला चालतील.' पाळणाघराकडे सोमवारी सकाळी रविकांत स्वतः गेला.

पाळणाघराच्या बाई मारायके, उंच आणि हसतमुख. त्यांनी कॉफी दिली, बिस्किटांचा डबा पुढे केला. रविकांत म्हणाला, "नको, नको." बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा कपाटात ठेवला. इथेच त्याने काय ते ओळखायला हवं होतं. पण त्याचं अर्धं लक्ष कपाटाकडे होतं.

"कुठले दिवस हवेत?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या सोयीचे. आम्हाला कुठलाही चालेल."

बाईंचं पेन हवेतच थांबलं. "कुठलाही? खरंच?"

"अगदी खरंच."

"बुधवारसुद्धा? शुक्रवारसुद्धा?"

हा आग्रहाचा दुसरा फेरा आहे असं रविकांतला वाटलं, आणि तो जास्तच नम्र झाला. "बुधवार तर उत्तमच," तो म्हणाला.

बाईंनी लिहून घेतलं. इतका समजूतदार बाप मी अकरा वर्षांत पाहिला नाही, असंही म्हणाल्या. रविकांतने सही केली आणि शीळ घालत सायकलवरून स्टेशन गाठलं.

बुधवारी दोन्ही उत्तरं एकाच दिवशी आली. पाळणाघराचं पत्र म्हणत होतं: अभिनंदन, ईशानीला बुधवार आणि शुक्रवार मिळाले आहेत, तिसऱ्या दिवसासाठी तुम्हाला प्रतीक्षायादीवर ठेवलं आहे. चित्राची बॉस एल्स, तिची ई-मेल म्हणत होती: फारच छान, तुझे दिवस सोमवार, मंगळवार आणि गुरुवार.

चित्राने ई-मेलचा कागद आणि पत्र टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. रविकांतने आधी हा कागद वाचला, मग तो, मग उगाच पुन्हा हा.

"ज्या दिवशी मी ऑफिसात, त्या दिवशी ईशानी घरी," चित्रा म्हणाली. "आणि ईशानी पाळणाघरात, तेव्हा मी घरी. त्या दोन दिवसांत मी काय करू? तिच्या ठोकळ्यांचे मनोरे रचू?"

रविकांतने लगेच मारायकेबाईंना फोन लावला.

"पण तुम्हीच म्हणालात कुठलाही चालेल," बाई म्हणाल्या.

"म्हणालो खरं, पण ते आपलं..."

"म्हणजे तुम्ही खरं बोलत नव्हता?" बाईंच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं, आणि रविकांतला समजावून सांगता येत नव्हतं. सोमवारची यादी चौदा महिन्यांची होती. मंगळवार आणि गुरुवारच्या यादीत अजून जन्मालाही न आलेली मुलं होती.

त्याच संध्याकाळी मिरजेहून आईचा, सुहासिनीबाईंचा फोन आला. रविकांतने सगळं सांगितलं.

"अरे रवी, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही?"

"विचारलं ना. मी बुधवार उत्तम म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं."

"आणि चित्राच्या ऑफिसने?"

"त्यांनी तर एकदाही नाही."

सुहासिनीबाईंनी काळजीने विचारलं, "जेवायला तरी नीट घालतात का रे तुम्हाला तिथे?"

आता रविकांतने ठरवलं, चूक आपली, निस्तरायचीही आपणच. गुरुवारी सकाळी तो आपल्या बॉसच्या, वाउटरच्या खोलीत गेला. मागायचं होतं एवढंच: काही आठवडे सोमवार, मंगळवार, गुरुवार घरून काम करू का? पण मिरजेचा माणूस असा एकदम मुद्द्यावर येतो होय! त्याने आधी हवेची चौकशी केली, मग वाउटरच्या मुलांची, मग म्हणाला, "घरी जरा मुलीच्या दिवसांची ओढाताण चालली आहे."

वाउटर खुर्चीतून उठला आणि त्याने रविकांतचे दोन्ही खांदे धरले.

"पापादाख!" तो म्हणाला. "तू कधी विचारतोस याचीच मी वाट बघत होतो."

पापादाख म्हणजे बापाचा दिवस. आठवड्यातून एक दिवस बाप ऑफिसला न येता पोरं सांभाळतो, आणि त्याचं इथे कोणाला काही वाटत नाही. वाउटर स्वतः सात वर्षं मंगळवारी येत नव्हता. एक्सेलमधला त्याचा तो रकाना रविकांतनेच दर आठवड्याला हिरवा रंगवला होता. आपल्या ओळीत तसा हिरवा रकाना पडू शकतो, हे मात्र त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"कुठला दिवस हवा तुला?" वाउटरने विचारलं.

आणि रविकांतच्या तोंडून, लहानपणापासून मुरलेलं ते वाक्य आपोआप बाहेर पडलं. "तुम्हाला सोयीचा असेल तो. कुठलाही चालेल."

जीभ चावेपर्यंत उशीर झाला होता. वाउटरने कॅलेंडर उघडलं. "मग बुधवार घे," तो म्हणाला. "बुधवारी आपल्या मीटिंगा नसतात."

घरी आल्यावर चित्राने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे बुधवारी तू घरी, मी घरी, आणि पोरगी पाळणाघरात."

"हो."

"आणि सोमवार, मंगळवार, गुरुवार ती घरी एकटी."

"एकटी कशी ठेवू गं, काहीतरी..."

चित्रा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि कोरडी भांडी पुन्हा पुसायला लागली. रविकांत दारात उभा राहिला.

"मला ती नोकरी हवी आहे, रवी," ती पाठमोरीच म्हणाली. "तिथे मी कोणाची बायको नसते, कोणाची आई नसते. सकाळी दारात कार्ड लावलं की त्यावर माझं नाव दिसतं. तुझ्या त्या सभ्यपणापायी उद्या ते जाणार आहे, आणि तू कोणाला एक वाक्य सरळ बोलू शकत नाहीस."

रविकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने दुसरं फडकं घेतलं आणि तिच्या शेजारी तीच कोरडी भांडी पुसायला लागला. त्या दिवशी तेवढंच काय ते त्याने शहाणपणाचं केलं.

शुक्रवारी सकाळी नऊच्या ठोक्याला चित्राने ईशानीला कडेवर घेतलं आणि एल्सला फोन लावला. हवा नाही, मुलं नाहीत, काही नाही.

"सोमवार, मंगळवार, गुरुवार मला जमणार नाही," ती म्हणाली. "मला बुधवार आणि शुक्रवार हवे आहेत. तिसरा सोमवार."

पलीकडून एल्स इतक्या जोरात हसली की ईशानी दचकली. बुधवारी आणि शुक्रवारी ऑफिसातल्या साऱ्या आया घरी असतात, त्या दिवशी तिला माणूस मिळता मिळत नव्हता. पण चित्राही आईच, तिलाही तेच दिवस घरी हवे असणार, म्हणून एल्सने आपली अडचण गिळून ते तिच्यासाठी मोकळे ठेवले होते. "तू सांगितलंच नाहीस," एल्स म्हणाली. पाच मिनिटांत काम झालं.

मग चित्राने रिसीव्हर नवऱ्यापुढे धरला. "आता तू. वाउटरला. चार शब्द. मला सोमवार हवा आहे."

"आधी जरा विचारपूस..."

"चार शब्द."

रविकांतने पाणी प्यायलं. खिडकीत जाऊन दोनदा घोकलं. आणि या वेळी वाक्य पूर्ण गेलं. वाउटर म्हणाला, "ठीक आहे," आणि फोन ठेवून दिला. ऐंशी माणसांचं प्लॅनिंग करणारा तो गृहस्थ त्यानंतर बराच वेळ रिसीव्हरकडे बघत बसला होता.

ऑक्टोबरातल्या पहिल्या सोमवारी चित्रा ऑफिसला गेली. रविकांतने ईशानीच्या दिवसाचं अर्ध्या अर्ध्या तासाचं एक्सेल केलं होतं. ते साडेनऊला मोडलं. साडेदहाला त्याने त्याची प्रिंट तिला फाडायला दिली, आणि दिवसातला तेवढाच अर्धा तास शांततेत गेला.

संध्याकाळी चित्रा आली ती गळ्यातलं कार्ड न काढताच. बोलत बोलत तिने केळं घालून शिरा केला. कोण भेटलं, कोणी मिठी मारली, कुठला बग वर्षभर तिच्यासाठी राखून ठेवल्यासारखा तसाच होता. तिला इतकं बोलताना त्याने कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. वाटीभर शिरा त्याने त्या बोलण्यातच संपवला.

"अजून वाढू?" चित्राने विचारलं.

"नको, नको," रविकांत म्हणाला.

"बरं," चित्रा म्हणाली, आणि तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

रविकांतने आपली वाटी आत जाऊन धुऊन आणली, पण डोळ्यांपुढून ते झाकण हलेना. दिवसभर पोरीमागे धावून पोटात कावळे ओरडत होते. शिरा अप्रतिम झाला होता. शेवटी त्याने घसा खाकरला, ताठ बसला, आणि अख्ख्या घराण्यात कोणी म्हटलं नसेल ते म्हणाला.

"चित्रा, मला अजून शिरा हवा आहे."

चित्राने मान वर केली. ईशानीच्या उंच खुर्चीजवळ ती चमचा घेऊन बसली होती, आणि रिकामं पातेलं तिच्या मांडीवर होतं.

"संपला रे," ती म्हणाली. "हिला दिला. ही केव्हाची मागत होती."