जावयाचे जिवाणू

मी एकदा ठरवलं की ठरवलं! मग आडवं कोणीही येवो, अगदी बायको आली तरी! यंदा मी ठरवलं होतं की सासूबाईंच्या भातावरचा करपा जिवाणूंनी हटवायचा. विषारी औषधाचा एक थेंबही न फवारता!

सोलापुरात भात? हसा, हसा! आधी सगळेच हसले होते. पण होटगीला तलावाखाली माझ्या सासूबाईंचा, पारूबाईंचा, पाणथळ तुकडा आहे. तिथे ज्वारी दरवर्षी उभ्या उभ्या कुजायची. "मामी, भात लावा," हा सल्ला माझाच. त्यांनी लावला, त्यांचं बघून शेजारच्या सिद्धारामनेही लावला. मामींच्या घरचा वर्षाचा तांदूळ त्यातून निघणार होता. आणि फुटवे जोरात असताना पानांवर डोळ्याच्या आकाराचे तपकिरी ठिपके! करपा!

"जावई, तुमच्या सांगन्यावरनं लावलाय," मामी म्हणाल्या. "ह्यो गेला तर तुमाला ताटात काय वाढू? ठिपकं?"

मी जिवाणूंची बाटली आणली. हे जिवाणू भले असतात. पानावर जागा धरून बसतात आणि करप्याच्या बुरशीला पाय ठेवू देत नाहीत. बॅरलभर पाण्यात गूळ घालून त्यांना आधी वाढवायचं, मग ऊन उतरल्यावर फवारायचं. सोपं काम!

अडचण एकच. माझी बायको संघप्रिया आरोग्य सेविका आहे. घरोघरी जाऊन डासांचे बॅरल ओतायला लावणं ही तिची नोकरी. आणि मी तिच्याच गच्चीवर बॅरलभर जंतू पाळणार! म्हणून थोडंसं खोटं बोललो.

"अहो, त्या बॅरलमध्ये काय आहे?"

"पिण्याचं पाणी! नळाचा काय भरवसा?"

लग्नानंतर पहिल्यांदाच तिने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी चोरून ढवळत राहिलो. छान फेस धरला, आंबूस वास सुटला. मग एका सकाळी झाकण काढतो तर फेस गायब! वास मात्र दवाखान्याच्या फरशीचा!

"संघप्रिया! काय टाकलंस यात?"

"ब्लीचिंग पावडर. पिण्याच्या पाण्याला वास येत होता."

"अगं, कोट्यवधी जीव मारलेस!"

मग सगळं सांगावंच लागलं. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"म्हणजे मी गल्लोगल्ली जंतू मारत फिरायचं आणि नवऱ्याने घरी त्यांना गूळ चारायचा?"

"भले जंतू आहेत गं ते!"

"आणि भात माझ्या आईचा आहे, हे मला सांगायला काय झालं होतं? झाकण घट्ट लावा. एक डास दिसला तर तुमच्या नावाची नोटीस दारावर चिकटवीन!"

बाटली अर्धी शिल्लक होती. पुन्हा गूळ, पुन्हा ढवळणं. या खेपेला फेस असा धरला की मला भरूनच आलं.

"मी येते बरोबर," संघप्रिया म्हणाली.

"कशाला? शेत मला पाठ आहे!"

स्कूटरवर कॅन आणि फवारणीचा पंप लादून मी होटगी गाठली. मामी पाहुण्यांकडे गेल्या होत्या. ऊन उतरलं होतं. पट्टा खांद्यात रुतला, गुडघ्यापर्यंत चिखल लागला, पण एक पान सोडलं नाही!

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं गेलो. मामी बांधावर उभ्या होत्या.

"जावई, फवारलं कुटं?"

"हितंच की!" मी ऐटीत बोट दाखवलं.

"त्यो सिद्धारामचा तुकडा हाय!"

सिद्धारामच्या भातावर नवीन ठिपका नव्हता. आमचा मात्र निम्मा करपला होता. एवढ्यात सिद्धाराम स्वतःच आला आणि माझे हात धरले. "लई उपकार झालं बगा, धर्मपालसाहेब! पन माज्यासाटी येवडं का केलं?"

काय सांगणार? "शेजारी आहात," एवढंच म्हणालो.

मामींनी वाकून एक पान हातात घेतलं आणि नुसत्या बघत राहिल्या. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"अजून वेळ गेली नाही," संघप्रिया म्हणाली. "अहो, नवी बाटली आणा. गूळ मी बघते."

आणि जन्मभर जंतू मारणारी माझी बायको रोज ड्यूटीवरून येऊन बॅरल ढवळू लागली! भात वाचला, हे आधीच सांगून टाकतो. सगळा नाही, पण वर्षाच्या जेवणाची सोय झाली.

फवारायला गेलो त्या संध्याकाळी आमच्या तुकड्याच्या मधोमध एक बुजगावणं उभं होतं. सासरी राहिलेला माझा जुना शर्ट घालून!

"मामी, आत्ताच बुजगावणं? दाणा भरायच्या आधी पाखरं कुठली येणार?"

"पाखरांसाटी न्हाय, जावई," मामी म्हणाल्या. "तुमच्यासाटी उभं केलंय!"