बिननावाच्या गाण्यांचं बारसं

माझ्या लेकीचं, केतकीचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून मी देवापुढे बोलले होते की नातवंडाचं बारसं होईपर्यंत फोनवर आलेलं एकही गाणं पुसणार नाही, आणि हा नेम सात महिने पाळल्यावर, बाळाच्या पाचवीच्या दिवशी, फोनमधल्या गाण्यांनी माझ्याकडे बसायला नीट जागा मागितली.

खरं सांगते, आधी गोड सोडायचं मनात आलं होतं. पण श्रावण तोंडावर होता. गाणी न पुसणं त्या मानानं सोपं वाटलं. आमच्या फलटणच्या भजनी मंडळात अठ्ठावीस बायका आहेत आणि प्रत्येकीला उठल्या उठल्या काहीतरी पाठवायची सवय आहे. एकच आरती मला सतराजणींकडून आली. दाराशी आलेल्याला परत पाठवायचं नाही म्हणून मी सतराही ठेवल्या. फाल्गुन लागला तोवर फोनमध्ये तीन हजारांवर गाणी झाली होती, केतकीला मुलगी झाली होती आणि मायलेकी सुखरूप होत्या. म्हणजे नेम लागू पडला होता.

पाचवीच्या सकाळी पूजा आटोपून मी फोनला म्हटलं, लाव बाबा काहीतरी. त्यानं शेजारती लावली. शेजारती ही देवाला रात्री निजवायची आरती. सकाळचे आठ वाजले होते, देव नुकते उठले होते. पण ही आरती झाली की निजायचं, एवढंच त्यांना ठाऊक. बाळकृष्ण कुशीवर वळला. अन्नपूर्णेनं पळी बाजूला ठेवली. मी देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतला.

हे स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "अगं, उपमा?"

"देव झोपलेत. नैवेद्य दाखवल्याशिवाय कसा देऊ?"

"मग उठव त्यांना."

"ते भूपाळीनं उठतात. तीच शोधतेय."

"हाक मारून बघ की. मला तर तू हाकेवर उठवतेस."

"तुमचं वेगळं. तुम्ही देव नाही."

"ते तीस वर्षं ऐकतोय," असं म्हणून हे पेपर घेऊन बसले.

भूपाळी सापडली, पण वाजेना. तिसऱ्यांदा बोट लावल्यावर ती बोलली. आवाज वयस्कर होता, जन्मभर पहाटे उठणाऱ्या बाईचा असतो तसा.

"बाई, मी आता येणार नाही. परवा मला दुपारी चारला वाजवलंत. लोक भेळ खात होते. माझ्या आधी वरातीतलं गाणं होतं आणि ते पायातल्या चपलांसकट आत आलं होतं."

"मी नाही हो वाजवलं. फोन आपल्या मनानं लावतो."

"फोन तुमच्याच घरातला ना?"

मग तिनं सगळ्या गाण्यांच्या वतीनं अर्ज वाचून दाखवला. सकाळच्यांना सकाळी, रात्रीच्यांना रात्री बोलवावं. सोवळ्यातल्यांची पंगत वेगळी असावी. सतरा आरत्यांमध्ये थोरली कोण ते एकदाचं ठरवावं, कारण त्या दिवसभर आपसात बोलतात आणि इतरांना डोळा लागत नाही.

"आणि शेवटचं," भूपाळी म्हणाली. "आमच्यात त्रेचाळीस जण बिननावाचे आहेत. 'अज्ञात कलाकार' अशी पाटी लावून तुम्ही त्यांना एका कोपऱ्यात बसवलंय. नावच नाही तर हाकेला ओ कशी देणार? त्यांचं बारसं करा. तुमच्या नातीचं बारसं झालं की तुमचा नेम सुटतो. मग फोन त्यांना जागेसाठी पुसून टाकणार आहे. त्याचं तसं ठरलंय."

मी पाटावर बसले ती बसलेच. त्या त्रेचाळिसांत माझी आई होती.

आईला जाऊन दोन वर्षं झाली. त्याआधी माझ्या भाच्याच्या बारशाला तिनं म्हटलेला पाळणा मी फोनमध्ये भरून ठेवला होता. तिचा तेवढाच आवाज माझ्यापाशी उरला. फोन बदलला तेव्हा जुन्यातलं सगळं नव्यात आलं, फक्त नावं मागे राहिली. केतकी दवाखान्यातून आली तीच म्हणत आली, "आई, बारशाला आजीचा पाळणा लावायचा हं." मी हो म्हणून बसले होते. बारसं सात दिवसांवर होतं.

"एवढा एक दिवस देवांना उठवा," मी भूपाळीला म्हटलं. "यांचा उपमा गार होतोय."

"तो मघाशीच झाला," ती म्हणाली. पण तिनं उठवलं.

बारसं म्हटलं की कानात नाव सांगायला आत्या लागते. गाण्यांची आत्या कोण? यावर आम्ही दोघांनी जेवणभर विचार केला. फोन ह्यांच्या नावावर आहे. तेव्हा फोनात जे जन्मलं त्याचे वडील हेच, आणि आत्या म्हणजे आमच्या विमलवन्सं. त्यांना बारामतीला कळवलं. त्यांनी एकदाही 'कशाला' म्हणून विचारलं नाही. "नवी साडी नेसायची की घरातली चालेल?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं त्या आल्या. मी फोनला पाटावर बसवलं, खाली तांदूळ पसरले, हळदकुंकू वाहिलं. वन्सं चष्मा लावून वाकल्या आणि थांबल्या.

"कुंदा, याचा कान कुठला?"

"वरच्या भोकातून बोलतो, वन्सं."

"ते तोंड झालं. ऐकतो कुठून?"

"खालच्या."

"म्हणजे कान पायाशी. बरं, त्याचं त्याच्यापाशी."

आम्ही रोज सातेक नावं ठेवू लागलो. गाण्यानं स्वतःबद्दल आठवेल ते सांगायचं आणि वन्संनी त्यावरून नाव ठरवायचं, अशी पद्धत बसली. एक अभंग होता, त्यात मध्येच कुणीतरी खोकत होतं; तो 'खोकल्याचा अभंग' झाला आणि समाधानानं वाजू लागला. एकात नुसतीच पावलं वाजत होती आणि ह्यांचा आवाज येत होता. खिशातला फोन कधीतरी आपोआप सुरू झाला असणार.

"हे गाणं नाही," हे म्हणाले. "मी मंडईत वांगी घेतोय."

"बारशाला आलंय ना? मग त्याला नाव मिळेल," वन्सं म्हणाल्या आणि पायाशी वाकून सांगितलं, 'वांग्यांची फेरी'. प्रत्येक नावाला घुगऱ्या वाटायच्या म्हणून मी रोज हरभरे भिजवत होते. चौथ्या दिवशी हे म्हणाले, "दादा, गाण्यांना सामुदायिक मुंजीसारखं एकत्र बारसं चालत असेल तर विचार की." ह्यांनी मला दादा म्हटलं की ते रागावलेत असं समजायचं.

आरत्यांचाही निकाल लागला. जी आधी पोचली ती थोरली. सातजणी एकाच मिनिटाला आल्या होत्या. त्यांना साती आसरांसारखं एका ओळीत बसवलं. त्यानंतर घरात शांतता झाली ती केतकीच्यासुद्धा लक्षात आली.

अकराव्या दिवशी बेचाळीस नावं ठेवून झाली. त्यांत आई नव्हती. राहिलं होतं ते एकच.

"हीच हो, वन्सं," मी म्हटलं. वन्संनी पदर सावरला, वाकून हळूच सांगितलं, 'कमलाबाईंचा पाळणा'. आम्ही वाट पाहिली. पाटी 'अज्ञात कलाकार' हीच राहिली. पुन्हा सांगितलं. नाव जसं काही ऐकूच गेलं नाही. मी वाजवायला बोट लावलं, तर साधी खरखरही नाही.

भूपाळी आत जाऊन विचारून आली. "त्या बाई नाव घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, मी बारशाला आलेली पाहुणी आहे. जिचं बारसं आहे तिचं नाव आधी ठेवा, मग माझं बघू."

"पण उद्या तिचं बारसं झालं की नेम सुटतो! फोन तेवढ्यात पुसून टाकेल."

"ते मी सांगितलं. म्हणाल्या, कुंदा लहानपणापासून अशीच घाई करते."

मी तशीच उठून पाळणा टांगायला घेतला. हा माझ्या माहेरचा लाकडी पाळणा. मी त्यात वाढले, भाचा वाढला. झालर लावली, कडी बसली का ते बघायला पाळण्याला एक झोका दिला, आणि तेवढ्यात वाजेल म्हणून दुसऱ्या हातानं फोनवर बोट लावलं.

"कुंदे!" वन्सं ओरडल्या. "रिकामा पाळणा हलवतेस? आईनं शिकवलं नाही काही?"

शिकवलं होतं. रिकामा पाळणा तिनं कधी कुणाला हलवू दिला नाही, मग त्यापुढे गाईल कशी? मी पाळणा धरून थांबवला आणि लाजले. फोनमधून बारीकसा आवाज आला. वन्सं म्हणतात तो पाळण्याचा होता. मला तो जिभेनं चक् केल्यासारखा वाटला.

बाराव्या दिवशी घर भरलं. जावयांची बहीण बाळाची आत्या म्हणून पुढे बसली. फोन मी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला होता आणि दर थोड्या वेळानं तिकडे बघत होते. केतकीनं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी मान हलवली, नाही वाजत. तिनं ओठ घट्ट मिटले आणि बाळाची दुपटी सारखी केली.

बाळाला खालून-वरून दिलं-घेतलं, पाळण्यात ठेवलं. आत्यानं कानात नाव सांगितलं, कुर्र केलं, पाठीत धपके खाल्ले. मैथिली नाव ठेवलं. पाळण्याला पहिला झोका बसला.

फळीवरून माझी आई गाऊ लागली.

कुणी बोट लावलं नव्हतं. ती नेहमीसारखी दुसऱ्या कडव्यात सूर वर घेऊन गेली आणि तो न पेलून हसली. केतकी रडत होती आणि पाळणा हलवत होती. तिसऱ्या कडव्याच्या मध्येच आई थांबली आणि म्हणाली, "कुंदा, कडी करकरतेय. तेल घाल गं आधी."

कडी करकरत होती. मी आत जाऊन देवाच्या तेलाची वाटी आणली, दोन थेंब घातले. मग तिनं पुढचं कडवं घेतलं.

पाळणा संपल्यावर मी फोन हातात घेतला. पुसायची वेळ होऊन गेली होती. पण आता त्यात बिननावाचं कुणीच नव्हतं. अज्ञात कलाकाराची पाटी गेली होती. तिथे लिहिलं होतं, पणजी. हे नाव वन्संना देता येण्यासारखं नव्हतंच. ते मैथिलीकडूनच यायचं होतं.

त्या संध्याकाळी उद्यापन केलं. शेजारती रात्री नऊला वाजली आणि देव वेळेवर झोपले. ह्यांनी उरलेल्या घुगऱ्या बघून 'वांग्यांची फेरी' लावायला सांगितली आणि स्वतःचंच घासाघीस करणं कौतुकानं ऐकलं.

तर बायांनो, हे वाचून झालं की आपापला फोन पाटावर घ्या. त्यात कोपऱ्यात कुणी बिननावाचं बसलं असेल तर पुसू नका. नणंदेला बोलवा, मूठभर हरभरे भिजवा, एकेकाची विचारपूस करून नाव ठेवा. एखादं नाव घेत नसेल तर रागावू नका; ते कुणाची तरी वाट बघत असेल. आणि पाळण्याच्या कडीला तेल घालायचं माझ्यासारखं विसरू नका.