मोघेकाकांची अर्धी बॅटरी

मोघेकाका कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे बघतात. तिथे फोन चार्जिंगला लावलेला दिसला की संपलंच. चष्मा कपाळावर चढवून ते चार्जर उपसतात, नाकाशी धरतात आणि त्यावरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचतात. "पाच व्होल्ट, दोन अँपिअर. ठीक." मग चार्जर परत लावतात आणि यजमानांना नमस्कार करतात.

इथे जपानमध्ये, सेंदाईत आम्ही एकाच मजल्यावर, शेजारी शेजारी राहतो. काका विद्यापीठात बॅटरीवर संशोधन करतात. मीही तिथेच मातीवर करते, पण मी कोणाच्या घरी जाऊन कुंड्या उकरत नाही.

त्यांचं म्हणणं थोडकं असतं, सांगणं लांबलचक. "अनघा, पंगत डोळ्यासमोर आण. व्होल्टेज म्हणजे यजमानाचा आग्रह. तो नेमका हवा, जास्त झाला की पाहुणा बिघडला. करंट म्हणजे ताटात किती भराभर पडतंय ते. पोट भरत आलं की वाढणाऱ्यानं हात आखडायचा. शेवटचे घास सावकाश जातात." हे मी निदान वीस जणांसोबत ऐकलंय आणि प्रत्येक वेळी जेवण गार झालंय.

माझ्या नवऱ्यानं, निखिलनं, हौसेनं फास्ट चार्जर आणला तेव्हा काकांनी शांतपणे विचारलं, "घाई कोणाला आहे? तुला की बॅटरीला?" तो चार्जर आजही कपाटात आहे. पुण्याहून आणलेला आमचा मिक्सर इथल्या शंभर व्होल्टवर कण्हायला लागला, तेव्हा काका त्याच्या झाकणावर हात ठेवून म्हणाले, "उपाशी आहे बिचारा." दुसऱ्या दिवशी त्यांनी एक ट्रान्सफॉर्मर आणून दिला. तो मिक्सरपेक्षा जड आहे, पण चटणी फर्मास होते.

आता त्या सायकलीविषयी. आमच्या इमारतीच्या सायकल स्टँडवर काकांची एक बॅटरीवाली सायकल उभी असते, मागे लहान मुलाची सीट असलेली. ती खरं तर सुनंदाकाकूंची. मुलगी मराठीला जपानीत उत्तरं द्यायला लागली, तेव्हा काकू तिला घेऊन पुण्याला गेल्या. वर्षभरासाठी म्हणून गेल्या होत्या. मुलगी आता कॉलेजात आहे. काकांना सायकल येत नाही, तरी ते अधूनमधून बॅटरी काढून वर नेतात, तपासतात, बरोबर निम्मी भरतात आणि परत बसवतात. विक्षिप्तपणा म्हणून आम्ही सगळे हसायचो.

या मार्चमध्ये इमारतीच्या व्यवस्थापकांनी झाडून सगळ्या सायकलींना पिवळ्या चिठ्ठ्या बांधल्या. सायकल वापरात असेल तर चिठ्ठी काढावी. महिनाअखेरीस जिच्यावर चिठ्ठी राहील ती उचलून नेणार. लोकांनी चिठ्ठ्या काढल्या. ज्यांच्या सायकलींची चाकं गंजून फिरत नव्हती, त्यांनीही काढल्या. काकांची तशीच लोंबत होती.

"काका, ओढून टाका ना ती."

"वापरात असेल तर, असं लिहिलंय. वापरात कुठे आहे?"

"कोण बघतंय?"

"मी बघतोय ना!"

मी कपाळाला हात लावला.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी नदीकाठच्या मैदानावर मला काका दिसले. डोक्यावर हेल्मेट, शेजारी आडवी पडलेली सायकल. साठीच्या उंबरठ्यावर हा माणूस सायकल शिकत होता, का तर चिठ्ठी प्रामाणिकपणे काढता यावी. कोपर चांगलंच खरचटलं होतं. हसू आलं, आणि त्याच क्षणी फार वाईट वाटलं. मी त्यांना बाकावर बसवलं.

"ही बॅटरी भरून ठेवली तर आतल्या आत झिजते," कोपराकडे बघत ते म्हणाले. "रिकामी ठेवली तर मरते. परत कधी लागेल ते माहीत नसेल ना, तर अर्धी ठेवायची."

मी रुमाल ओला करून त्यांच्या कोपरावर धरला.

"काल सुनंदाला फोनवर विचारलं, सायकलीचं काय करू. ती म्हणाली, 'अय्या, अजून आहे ती?'"

हे सांगताना ते हसले. मला हसता येईना.

थोड्या वेळानं त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुझी ओवी त्या सीटवर मावेल. पण चिठ्ठी लगेच काढू नकोस. आधी चालव."

मी मैदानाला एक फेरी मारली. परत आले तेव्हा काका नदीकडे तोंड करून उभे होते. मी चिठ्ठी काढली आणि खिशात घातली.

संध्याकाळी ते दारात आले. पूर्ण भरलेली बॅटरी त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली. "चार्जर मात्र माझ्याकडेच राहू दे. संपली की आणून देत जा. मी नीट भरून देईन."

तसा चार्जर दुकानात सहज मिळतो. निखिल ते बोलणार होता, मी त्याच्या पायावर पाय दिला.

ओवीच्या पाळणाघराला नदीकाठचा सपाट रस्ता जातो. त्या रस्त्यानं बॅटरी आठवडाभर पुरते. मी हल्ली तिला टेकडीवरून नेते.

"आई, लांबून का जायचं?" ती रोज विचारते.

"चढावर बॅटरी लवकर संपते," मी सांगते.