पांढरी, लाल आणि तुलना समिती

आमच्या मोटार क्लबाला शंकूशर्यतीसाठी एक हलकी स्पोर्ट्स कार घ्यायची होती. शंकूशर्यत म्हणजे मोकळ्या मैदानावर नारिंगी शंकू मांडायचे आणि एकही न पाडता, घड्याळ लावून, त्यांच्यामधून गाडी पळवायची. पांढरी आणि लाल अशा दोन गाड्या चाचणीसाठी आल्या. तुलना समितीचा सचिव म्हणून माझी नेमणूक झाली. मी क्लबाचं वाचनालय सांभाळतो आणि मला गाडी चालवता येत नाही. त्यामुळे माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती. मला स्वतःबद्दल होती, पण ती विषयपत्रिकेवर नव्हती.

निवडलेली गाडी माझी पुतणी चालवणार होती. तीन वर्षं ती अर्ध्या सेकंदाने दुसरी येत होती. पुढल्या महिन्यात ती नोकरीसाठी दूर जाणार, म्हणजे ही तिची शेवटची शर्यत.

चाचणीच्या सकाळी अध्यक्षांनी कागद पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"पांढरी सत्तर किलोंनी हलकी आहे."

"हलकीच हवी होती ना साहेब?" मेकॅनिक म्हणाला.

"हवी होती. पण दोन गाड्यांत एवढा फरक असताना तुलना करायची कशी?"

ठराव झाला. पांढरीत वाळूची पोती ठेवली. मग लालचं इंजिन जोरकस निघालं, म्हणून तिच्या अ‍ॅक्सिलरेटरखाली लाकडाचा ठोकळा बसवला. पांढरी वळणावर चपळ होती. तिच्या टायरांतली हवा कमी करण्यात आली.

"आता दोघी सारख्याच अधू झाल्या," मेकॅनिक म्हणाला. इतिवृत्तात मी 'मेकॅनिकने समाधान व्यक्त केलं' असं नोंदवलं.

पुतणी हेल्मेट घालून पुढे आली. अध्यक्षांनी तिलाही थांबवलं. पहिल्या फेरीत तिला रस्ता पाठ होणार आणि दुसऱ्या गाडीला त्याचा आयता फायदा मिळणार.

"मग चालवणार कोण?" तिने विचारलं.

"पहिल्या फेरीतून जो काहीच शिकणार नाही, असा कुणीतरी."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

मेकॅनिकने मला क्लच आणि ब्रेक दाखवले, मग स्वतः कुंपणापलीकडे जाऊन उभा राहिला. पांढरी पहिल्या शंकूपाशी बंद पडली. लालही त्याच शंकूपाशी बंद पडली. अध्यक्ष गहिवरले; इतकी निर्दोष तुलना त्यांनी आजवर पाहिली नव्हती. अहवालात मी लिहिलं, 'फरक आढळला नाही.' बरोबरी झाली म्हणून लाल घेतली, कारण क्लबाची पाटी लाल होती.

शर्यतीत पुतणी अर्ध्या सेकंदाने दुसरी आली. पहिला आलेला दुसऱ्या क्लबाचा होता. त्याच्याकडे तसलीच पांढरी होती, पोत्यांशिवाय.

नंतर मैदानावर शंकू गोळा करताना ती म्हणाली, "काका, तुम्ही दोन्हीत बसलात. काहीच जाणवलं नाही?"

"जाणवलं. क्लच सोडल्याबरोबर पांढरी पोत्यांसकट उसळली. लाल नुसती निघाली."

"मग लिहिलं का नाहीत?"

"त्याला रकाना नव्हता. शिवाय वाटलं, आपल्याला काय कळतंय."

हातातला शंकू ती उगाच फिरवत राहिली.

"गाड्या आल्या त्या दिवशी मेकॅनिकने मला पांढरीतून कुंपणाभोवती एक चक्कर मारू दिली होती," ती म्हणाली. "तेव्हाच कळलं होतं, हीच. मग तुमचा अहवाल वाचला आणि वाटलं, माझंच चुकलं असेल."

तिच्या या बोलण्यानंतर मी अहवालाची सुधारित आवृत्ती काढली. शेवटच्या पानावर 'वाचकाचं स्वतःचं मत' असा रकाना घातला आणि त्याखाली चार ओळी मोकळ्या सोडल्या. दोनशे बारा प्रती छापल्या. दोनशे अकरा वाटल्या, त्या सगळ्या भरून परत आल्या. त्या भरणाऱ्या एकाही सभासदाने दोन्हींपैकी कुठल्याच गाडीचं दारसुद्धा उघडलेलं नव्हतं, आणि प्रत्येकाने एकच शब्द लिहिला होता: 'सहमत.'

उरलेली एक प्रत तुमच्यासाठी ठेवली आहे. सवडीने वाचा. तुमचा वेळ जाऊ नये म्हणून रकाना मी भरूनच ठेवला आहे.