कुनिएदांच्या गळ्यातले ताईत

कुनिएदांनी हात वर केला, तेव्हा मीटिंगमधल्या सगळ्यांना वाटलं, त्यांना खिडकी उघडायची आहे.

"उकडतंय का?" मॅनेजर तोदोरोकींनी विचारलं.

"नाही. मी जातो बैरूतला."

जपानमधल्या ताकाओकातल्या या छोट्या पंप कंपनीत इतकी शांतता वार्षिक हिशेबाच्या दिवशीही पसरत नसे. बैरूतच्या एका हॉस्पिटलात कंपनीनं बसवलेला पाण्याचा पंप अडला होता. सुटे भाग पोचले होते, माणूस पोचायचा होता. टीव्हीवर रोज त्या शहराचा धूर दिसत होता, त्यामुळे बाकी सगळ्यांना नेमकी घरची कामं आठवली होती.

कुनिएदांना शौर्याची हौस नव्हती. त्यांना एका कोंबड्याबद्दल कुतूहल होतं. हॉस्पिटलचा इंजिनियर नाबील कित्येक वर्षं त्यांच्याशी फोनवर बोलत असे. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे समजायला काही अडचण येत नसे. पण दर फोनला मागून कोंबडा आरवायचा. भर शहरात, हॉस्पिटलात, कोंबडा? असं एकदम विचारणं बरं दिसलं नसतं. दोन-चार वर्षांत ओळख वाढल्यावर विचारू म्हणता म्हणता ते राहून गेलं होतं. आता प्रत्यक्ष नाबीलला भेटायचं आणि तो कोंबडा बघायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

बायकोला, शिझुनोला, त्यांनी हे जेवताना सांगितलं. "बरं," ती म्हणाली आणि त्यांच्या पेल्यात चहा ओतत राहिली. चहा टेबलावरून खाली आल्यावर थांबली.

मग ताईत यायला लागले. प्रवासाला निघालेल्याला देवळातला ताईत द्यायचा आणि त्यानं तो नाकारायचा नाही, ही रीतच. शेजारच्या कुरोयानागी आजींनी गुलाबी ताईत दिला.

कुनिएदांनी त्याच्या कापडी पिशवीवरची अक्षरं वाचली. "आजी, हा सुखरूप बाळंतपणाचा आहे."

"देवळात तेवढाच शिल्लक होता. आणि काय रे, सुखरूप बाहेर पडणं महत्त्वाचं ना? पोटातून काय नि बैरूतमधून काय."

कारखान्यातून परीक्षेत पास होण्याचा आला, वाहन चालवण्याचा आला, लग्न जमण्याचाही आला. "वेगवेगळ्या देवळांचे देव एका गळ्यात भांडतील," असं कोणीतरी म्हणालं आणि तोदोरोकी काळजीत पडले. त्यांनी मीटिंग बोलावली. कंपनीच्या जेवणावळीत जशी मानानुसार बसायची जागा ठरते, तशी देवांची ठरली. जुनं देवस्थान छातीशी, नवीन बाहेरच्या बाजूला. लग्नाच्या देवाला दाराजवळची, सगळ्यात कमी मानाची, म्हणजे पाठीवरची जागा मिळाली.

निघायच्या सकाळी बॅगेचं कुलूप सापडेना.

"दोरी बांधा की," शिझुनो म्हणाली. "आणि हा घाला." तिनं लाल कापडाचा जाडजूड ताईत त्यांच्या गळ्यात अडकवला.

"केवढा जड आहे. कुठल्या देवळातला?"

"घ्या हो. विचारू नये."

टोकियोच्या विमानतळावर तपासणीचं यंत्र किंचाळलं. नागुमो नावाच्या तरुण अधिकारी बाईंनी सगळे ताईत ट्रेमध्ये काढून घेतले आणि पडदा निरखून बघितला.

"या लाल ताइतात यंत्रासारखं काहीतरी आहे. तुम्ही चाललात कुठं?"

"बैरूतला."

"मग उघडावा लागेल."

"उघडला की गुण जातो हो."

"ते मलाही माहीत आहे," बाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी वरिष्ठांना, ओत्सुबोंना बोलावलं. ओत्सुबोंनी कात्री आणवली. नागुमोबाईंपुढे धरली.

"मी? नको साहेब. माझं लग्न ठरायचंय. तुम्हीच उघडा."

"माझी मुलगी पुढच्या महिन्यात बाळंत होणार आहे. मी देवाच्या वाटेला जाऊ?"

कुनिएदांनी लगेच ट्रेमधून गुलाबी ताईत ओत्सुबोंना दिला आणि लग्नाचा नागुमोबाईंना. दोघांनी वाकून आभार मानले. कात्री मात्र कोणी उचलली नाही.

"असं करू," ओत्सुबो म्हणाले. "लाल ताईत आम्ही पोस्टानं तुमच्या घरी पाठवतो. तुम्ही पुढे जा."

कुनिएदांनी विचार केला. "म्हणजे मी तिकडे, आणि बायकोच्या हातात नुसता ताईत. एकटाच परत आलेला."

तिघंही त्या ताइताकडे बघत राहिले. त्याचं काय करायचं हे ठरेपर्यंत विमान गेलं.

घरी शिझुनोनं दार उघडलं. भात दोघांचा शिजला होता.

"उघडला नाहीत ना?" तिनं विचारलं.

"नाही. कोणीच उघडला नाही. काय आहे त्यात?"

तिनं शिवणीच्या डब्यातून कात्री काढली, टाके उसवले. आत बॅगेचं कुलूप होतं, बंद केलेलं. मग अंबाड्याच्या रिबिनीतून तिनं त्याची किल्ली काढली.

"कुलूप तुमच्याकडे, किल्ली माझ्याकडे," ती म्हणाली. "मग परत यावंच लागतं."

कुनिएदांनी भात संपवला आणि कंपनीत फोन केला.

"पुढच्या आठवड्याचं तिकीट मिळतंय," ते म्हणाले.

"मग या वेळी कुलूप बॅगेलाच लावू. जागच्या जागी."

ती ते लावायला विसरली नाही. किल्ली मात्र तिच्याच रिबिनीत राहिली, हे कुनिएदांना बैरूतला पोचल्यावर कळलं. नाबीलनं पंपाचा मोठा पाना आणला. "एका फटक्यात तुटेल."

"नको," कुनिएदा म्हणाले. "ते तोडायचं कुलूप नाही."

पंप सुरू झाला. पंधरवड्यानं कुनिएदा घरी परतले ते नाबीलच्या शर्टात. त्यात शिझुनोही मावली असती. तिनं आधी बॅगेचं कुलूप हलवून बघितलं, मग किल्लीनं उघडलं. आतल्या घड्या जशाच्या तशा होत्या.

"कोंबडा दिसला?" तिनं विचारलं.

"दिसला. नाबीलच्या आईनं दिलाय त्याला. कोंबडा जवळ असला की मुलगा संध्याकाळी घरी येतो, असं म्हातारीचं म्हणणं. तो रोज कामावर घेऊन जातो. गच्चीवर बांधतो." कुनिएदांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "पुढच्या वर्षी नाबील इकडे यायचं म्हणतोय."

शिझुनोनं कुलूप पुसून खणात ठेवलं आणि जरा विचारात पडली.

"मग कोंबड्याला विमानतळावरच्या त्या यंत्रातून जाऊ देतील का हो?"